सोनं गहाण पडलं ते वर्ष : १९९१

जुलै १९९१. मुंबईत रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीतून सोन्याच्या विटा बाहेर काढल्या गेल्या, मोजल्या गेल्या, पेट्यांत भरल्या गेल्या. कडक बंदोबस्तात गाड्या विमानतळाकडे निघाल्या. ४ ते १८ जुलै या दोन आठवड्यांत अशा चार खेपा झाल्या आणि ४६.९१ टन सोनं देशाबाहेर गेलं. एका खेपेत वाटेतच गाडीचं टायर फुटलं आणि गाडी दुरुस्त होईपर्यंत पहाऱ्यावरच्या लोकांचा जीव टांगणीला लागला, असं सांगतात.

हे सोनं मोडलं नव्हतं. बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे ते गहाण टाकलं होतं. आपल्याकडे घरातलं सोनं गहाण पडतं तेव्हा त्याची चर्चा दारं लावून होते, शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळू दिलं जात नाही. सरकारनेही तेच केलं. पण बातमी फुटली, वर्तमानपत्रात छापून आली आणि देशभर लोक हळहळले.

आपण १९९१ साल शिकतो ते तुकड्या-तुकड्यांनी. आखाती युद्ध एका धड्यात, सोव्हिएत संघाचं विघटन दुसऱ्या धड्यात, आणि मनमोहनसिंगांचा अर्थसंकल्प अर्थशास्त्राच्या वेगळ्याच पुस्तकात. मला मात्र ही एकाच हिशेबाच्या वहीतली लागोपाठची पानं वाटतात. बगदाद, मॉस्को आणि मुंबई या तिन्ही ठिकाणी त्या वर्षी जे झालं त्याच्या मुळाशी तेल आणि डॉलर आहेत. ते एकत्र मांडून पाहिलं की त्या मुंबईतल्या गाड्यांचा अर्थ लागतो.

रुपये असूनही पैसे नसणं

देशाकडे पैसे संपले म्हणजे नक्की काय संपलं? रुपये तर आपल्याच देशात छापले जातात. पण परदेशातला तेल विकणारा रुपये घेत नाही. त्याला डॉलर लागतात, आणि डॉलर आपल्याला छापता येत नाहीत, ते कमवावे लागतात.

आपल्याकडे डॉलर येण्याचे मार्ग मोजकेच आहेत. आपला माल परदेशात विकला तर येतात. परदेशात राबणारी आपली माणसं घरी पैसे पाठवतात, तेव्हा येतात. आणि कोणी कर्ज दिलं किंवा आपल्या बँकांत ठेव ठेवली, तर येतात. यातले पहिले दोन मार्ग कमाईचे. तिसरा उसनवारीचा, म्हणजे कधीतरी परत करायचा. सगळा खर्च भागून जे डॉलर शिल्लक राहतात, त्यांना वर्तमानपत्रं परकीय चलनाची गंगाजळी म्हणतात. एखाद्या घराने अडीअडचणीसाठी डब्यात बाजूला ठेवलेल्या पैशांसारखीच ती असते.

ऐंशीच्या दशकात आपण या तिसऱ्या मार्गावर फार विसंबलो. सरकार कमाईपेक्षा कितीतरी जास्त खर्च करत होतं. दशकाच्या अखेरीस केंद्राची वित्तीय तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या आठ टक्क्यांच्या आसपास गेली होती. निर्यात त्या मानाने वाढत नव्हती. मधली फट परदेशी बँकांकडून थोड्या मुदतीची कर्जं काढून आणि अनिवासी भारतीयांना चढं व्याज देऊन मिळवलेल्या ठेवींनी बुजवली जात होती. थोड्या मुदतीचं कर्ज म्हणजे हातउसने. देणारा गप्प आहे तोवर सगळं ठीक, त्याने तगादा लावला की घर हादरतं. म्हणून आखाती युद्धाने भारताला खड्ड्यात घातलं, असं जे सरसकट लिहिलं जातं ते मला अर्धंच खरं वाटतं. दुखणं जुनं होतं, युद्ध निमित्त झालं.

कुवेत

इराकही कर्जातच होता. इराणशी आठ वर्षं लढून १९८८मध्ये युद्ध थांबलं, तेव्हा सद्दाम हुसेन यांच्या डोक्यावर प्रचंड देणं होतं. कर्ज देणाऱ्यांत कुवेतचाही मोठा वाटा होता. कर्ज फेडायचं तेलाच्या पैशांतून, आणि तेलाचे भाव पडलेले. कुवेत ठरल्यापेक्षा जास्त तेल काढून भाव पाडतोय, सीमेवरच्या रुमैला तेलक्षेत्रातून आपलं तेल चोरतोय, असा इराकचा आरोप होता. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी रणगाडे कुवेतमध्ये शिरले.

संयुक्त राष्ट्रांनी इराकी तेलावर बंदी घातली. कुवेतचं तेलही बाजारातून गेलं. आधीच्या जुलैत पिंपाला १५ ते २० डॉलरांच्या मधे असलेला भाव ऑक्टोबरमध्ये ४० डॉलरांवर पोचला. भारताचं तेलाचं बिल त्या आर्थिक वर्षात दोन अब्ज डॉलरांहून जास्त वाढलं.

हा झाला पहिला फटका. दुसरा थेट माणसांना बसला. कुवेतमध्ये दीड लाखाहून जास्त भारतीय होते. केरळचे सर्वांत जास्त, पण आपल्या कोकणातले आणि गोव्यातलेही होते. रत्नागिरी, रायगडातल्या कित्येक घरांची चूल आखातातून येणाऱ्या पैशांवर पेटत होती. त्यांना कुवेतमधून रस्त्याने इराक ओलांडून जॉर्डनची राजधानी अम्मान गाठावी लागली. तिथून एअर इंडियाच्या विमानांनी दोन महिन्यांत एक लाखाहून जास्त माणसं मायदेशी आणली. नागरी विमानांनी केलेली एवढी मोठी सुटका त्याआधी कधी झालेली नव्हती.

त्या परतणाऱ्या माणसांची एक गोष्ट मला फार लागते. अनेकांच्या खिशात कुवेती दिनार होते. काही आठवड्यांपूर्वी जगातल्या सर्वांत महाग चलनांपैकी एक. इराकने कुवेत गिळल्यावर आधी त्याचं मोल इराकी दिनाराइतकं खाली आणलं, मग तो चलनातून बादच केला. वर्षानुवर्षांची बचत खिशात आहे आणि तिचं काही येत नाही! पैसा म्हणजे शेवटी कोणीतरी पाळलेला शब्द असतो, हे त्या लोकांना अम्मानच्या रांगेत उभं राहून कळलं. देशालाही ते लवकरच कळणार होतं.

तेल उतरलं, तरी संकट वाढलं

१७ जानेवारी १९९१च्या पहाटे बगदादवर बॉम्बहल्ले सुरू झाले. जगाने ते टीव्हीवर पाहिले, कारण अमेरिकी वृत्तवाहिनी सीएनएनचे वार्ताहर बगदादच्या अल-रशीद हॉटेलातून थेट बोलत होते. लढाई सुरू झाल्यावर तेल भडकेल असं सगळे धरून चालले होते. झालं उलटंच. एकाच दिवसात भाव जवळपास एक तृतीयांशाने कोसळला. सौदीच्या तेलविहिरी सुरक्षित राहणार, युद्ध लांबणार नाही, हे बाजाराने ताडलं होतं. फेब्रुवारीच्या शेवटी जमिनीवरची लढाई १०० तासांत आटोपली. माघार घेताना इराकी सैन्याने कुवेतच्या सहाशेहून जास्त तेलविहिरी पेटवल्या. त्यातली शेवटची विझली नोव्हेंबरमध्ये.

तेल स्वस्त झालं, मग भारताची अडचण सुटायला हवी होती. ती सुटली नाही, उलट वाढली. हाच या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा पेच आहे.

सावकार फक्त आजची कमाई बघत नाही, घरात काय चाललंय तेही बघतो. आपल्या घरात काय चाललं होतं? नोव्हेंबर १९९०मध्ये विश्वनाथ प्रताप सिंग यांचं सरकार पडलं. चंद्रशेखर पंतप्रधान झाले, पण मार्चमध्ये त्यांनीही राजीनामा दिला. पूर्ण अर्थसंकल्प मांडलाच गेला नाही, काही महिन्यांच्या खर्चाची तात्पुरती मंजुरी घेऊन काम ढकललं गेलं. निवडणुका लागल्या. २१ मे रोजी श्रीपेरंबुदूर इथे प्रचारसभेच्या ठिकाणी राजीव गांधींची हत्या झाली.

बाहेरून बघणाऱ्याच्या लेखी हा देश कर्जात आहे आणि त्याला धड सरकारही नाही. पतमापन संस्थांनी भारताची पत खाली आणली. परदेशी बँकांनी थोड्या मुदतीच्या कर्जांना मुदतवाढ देणं थांबवलं. अनिवासी भारतीयही ठेवी काढून घेऊ लागले. एप्रिल ते जून या तीन महिन्यांत जवळपास ९५ कोटी डॉलर असे निघून गेले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, बँक बुडतेय अशी कुजबुज ऐकल्यावर आपणही पासबुक घेऊन धावतो. जूनमध्ये गंगाजळी एवढी आटली की जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरले. आयातीवर बंधनं आली, कारखान्यांना सुट्या भागांची चणचण भासू लागली.

पुढची पायरी होती दिवाळखोरी. म्हणजे ठरल्या तारखेला परदेशी देणं न देणं. स्वतंत्र भारताने ते आजवर कधी केलेलं नाही. एकदा तारीख चुकली की रोखीशिवाय कोणी दारात उभं करत नाही, आणि रोख तर नव्हतीच. मग तेल, खत, खाद्यतेल, औषधांचा कच्चा माल, सगळंच अडलं असतं.

मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत २० टन सोनं स्वित्झर्लंडमधल्या बँकेला दिलं गेलं. हे तस्करांकडून जप्त केलेलं सरकारी सोनं. ते मोडलं, पण परत विकत घेण्याच्या बोलीवर. त्यातून साधारण २० कोटी डॉलर मिळाले. ते पुरले नाहीत. म्हणून जुलैत रिझर्व्ह बँकेच्या स्वतःच्या सोन्याला हात घालावा लागला. सोन्याचा भाव तेव्हा औंसाला ३६० डॉलरांच्या आसपास होता, म्हणजे गेलेलं सोनं ५४ कोटी डॉलरांच्या घरातलं. त्यावर मिळाले ४० कोटी ५० लाख डॉलर. पूर्ण किमतीइतकं कर्ज कोणताच सावकार देत नाही. आणि सोनं तुमच्याच तिजोरीत राहू दे, कागदावर लिहून द्या, असंही तो म्हणत नाही. दागिना समोर ठेवावा लागतो. म्हणून त्या गाड्या, म्हणून ती विमानं.

२१ जूनला पी. व्ही. नरसिंह राव पंतप्रधान झाले होते. ते मूळचे तेलुगू, पण त्याआधीच्या दोन निवडणुका विदर्भातल्या रामटेकमधून जिंकलेले आणि अस्खलित मराठी बोलणारे. अर्थमंत्री मनमोहनसिंग. त्यांनी १ आणि ३ जुलैला, दोन टप्प्यांत, रुपयाचं अवमूल्यन केलं. २१ रुपयांच्या आसपास मिळणारा डॉलर जवळजवळ २६ रुपयांना झाला. रुपया स्वस्त झाला की आपला माल परदेशी गिऱ्हाइकाला स्वस्त पडतो, निर्यात वाढायला मदत होते. त्याच वेळी आयात महाग होते, म्हणून आपोआप कमी होते. पहिल्या टप्प्यानंतर राजकीय वातावरण तापलं. दुसरा टप्पा थांबवा, असा निरोप ३ तारखेला सकाळी रिझर्व्ह बँकेचे उपगव्हर्नर सी. रंगराजन यांच्याकडे आला, तोवर त्यांनी तो जाहीर करून टाकला होता. ही हकिगत पुढे रंगराजन यांनी स्वतःच सांगितली आहे.

२४ जुलैला नवं औद्योगिक धोरण आणि अर्थसंकल्प एकाच दिवशी आले. बहुतेक उद्योगांसाठीचं परवान्याचं बंधन गेलं, परदेशी गुंतवणुकीला दार उघडलं. या धोरणांनी पुढे कोणाचं भलं झालं आणि कोण मागे राहिलं, हा मोठा आणि खरा वाद आहे. त्याला स्वतंत्र लेख लागेल. इथे एवढंच, की सावकारांचा विश्वास परतला, आणि वर्ष संपायच्या आत गहाण सोनं सुटलं.

मॉस्कोची तिजोरी

भारताच्या अडचणीतला एक धागा मुद्दाम मागे ठेवला होता. सोव्हिएत संघ हा तेव्हा आपलं मोठं गिऱ्हाईक होता. आपल्या एकूण निर्यातीचा साधारण सहावा हिस्सा तिकडे जायचा. आणि हा व्यवहार डॉलरांत नव्हता. त्यांचं तेल आणि यंत्रं आपण रुपयांत घ्यायचो. ते रुपये भारतातल्याच खात्यात जमा व्हायचे, आणि त्यातून ते आपला चहा, औषधं, तयार कपडे न्यायचे. डॉलरांची तंगी असलेल्या दोन घरांची ही साटंलोट्याची सोय. ते गिऱ्हाईकच बसलं, तेव्हा आपला माल पडून राहिला आणि तेल डॉलर मोजून घ्यायची वेळ आली.

ते का बसलं? सोव्हिएत संघाला डॉलर मिळवून देणारी मुख्य वस्तू तेल होती. १९८६मध्ये तेलाचे भाव कोसळले. धान्य मात्र परदेशातून विकत घ्यावंच लागत होतं, तेही अमेरिकेकडूनसुद्धा. सोव्हिएत नेते मिखाइल गोर्बाचोव्ह यांनी सुधारणा सुरू केल्या, लोकांना बोलायची मोकळीक दिली. मोकळीक मिळाली, दुकानं मात्र रिकामीच राहिली. २२ जानेवारी १९९१च्या रात्री ५० आणि १०० रुबलच्या नोटा बाद झाल्याची घोषणा टीव्हीवरून झाली. बदलून घ्यायला तीन दिवस, तेही मर्यादित रकमेपुरते. सरकार आपल्या बचतीचा शब्द पाळेल यावर जो काही विश्वास उरला होता, तो त्या रांगांत संपला.

माझ्या मते सोव्हिएत संघ मोडला तो ऑगस्टमध्ये रणगाडे आले तेव्हा नव्हे. तो आधीच पोखरला होता, कारण घटक प्रजासत्ताकांनी केंद्राकडे कर पाठवणं थांबवायला सुरुवात केली होती. रशियाचे निवडून आलेले अध्यक्ष बोरिस येल्त्सिन यात पुढे होते. एकत्र कुटुंबात भावांनी मिळकत वडिलांच्या हाती देणं बंद केलं की वाटणी कागदावर व्हायचीच राहिलेली असते. १९ ऑगस्टला कडव्या नेत्यांनी गोर्बाचोव्ह यांना क्रिमियातल्या बंगल्यात अडकवून सत्ता घेतली. टीव्हीवर बातम्यांऐवजी ‘स्वान लेक’ बॅले दाखवला जात होता. येल्त्सिन रणगाड्यावर चढून बोलले, लोक त्यांच्याभोवती जमले, तीन तरुण मारले गेले, आणि तीन दिवसांत बंड बारगळलं.

त्या शरद ऋतूत अर्थतज्ज्ञ ग्रिगोरी याव्लिन्स्की यांनी एक आकडा उघड केला. सोव्हिएत संघाकडे फक्त २४० टन सोनं उरलं होतं. पाश्चात्त्य देशांचे अंदाज याच्या कितीतरी पट होते. आपलं सोनं पेट्यांतून मोजून, पावती घेऊन गेलं. त्यांचं गुपचूप विकलं गेलं, आणि लोकांना कळलं तेव्हा तिजोरी रिकामी होती.

दोन्ही देश अवाढव्य, दोन्हींत शंभराहून जास्त भाषा, दोन्ही त्या वर्षी कर्जबाजारी. एक टिकला, दुसरा मोडला, असं का? याला एकच उत्तर नाही. पण हिशेबाच्या वहीकडे बघून मला एक गोष्ट ठळक दिसते. दिल्लीत पंतप्रधान बदलले, माजी पंतप्रधानाची हत्या झाली, तरी तिजोरी कोणाची हा प्रश्न कधी उठला नाही. मतमोजणी झाली, नवे आले, जुन्यांचं कर्ज त्यांनी आपलं मानलं. मॉस्कोत वाद तिजोरीच्या मालकीचाच होता. १ डिसेंबरला युक्रेनच्या ९० टक्क्यांहून जास्त मतदारांनी स्वातंत्र्याचा कौल दिला. ८ डिसेंबरला रशिया, युक्रेन आणि बेलारूसच्या नेत्यांनी बेलारूसच्या जंगलातल्या एका विश्रामगृहात बसून संघ संपल्याचं लिहून टाकलं. २५ डिसेंबरला गोर्बाचोव्ह यांनी राजीनाम्यावर सही करायला घेतली तर त्यांचं पेन नीट चालेना. चित्रीकरणासाठी आलेल्या सीएनएनच्या अध्यक्षांनी आपलं पेन पुढे केलं. महासत्तेच्या शेवटच्या सहीची शाई अशी उसनी होती.

त्याच वर्षी

बाकीचं जगही थांबलं नव्हतं. २९ एप्रिलच्या रात्री बांगलादेशच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आलं आणि सुमारे १ लाख ३८ हजार माणसं गेली. मदतीला आली ती आखातातून घरी परतणारी अमेरिकी लढाऊ जहाजं. त्या वर्षी एवढे मृत्यू दुसऱ्या कोणत्याच नैसर्गिक आपत्तीत झाले नाहीत, तरी वर्षाच्या आठवणींत त्याला दोन ओळीही मिळत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. जूनमध्ये फिलिपिन्समधला पिनातुबो ज्वालामुखी फुटला आणि त्याच्या धुराळ्याने पुढचं वर्षभर पृथ्वी साधारण अर्ध्या अंशाने थंड राहिली. युगोस्लाव्हिया फुटायला लागला. दक्षिण आफ्रिकेने जन्मतःच वंशाची नोंद करणारा कायदा रद्द केला, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांचा क्रिकेट संघ बंदीनंतरचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळायला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर उतरला.

आणि या सगळ्याच्या वर, अक्षरशः वर, सोव्हिएत अंतराळवीर सर्गेई क्रिकालेव्ह होता. १८ मे रोजी तो ‘मीर’ अंतराळस्थानकावर गेला. शरद ऋतूत त्याला परतायचं होतं. पण पैसे नव्हते. दोन उड्डाणांचं मिळून एकच केलं गेलं. त्यातली एक जागा ऑस्ट्रियाने पैसे मोजून घेतलेली, दुसरी कझाकस्तानच्या अंतराळवीराला, कारण अवकाशतळ कझाक भूमीवर होता आणि त्यांना दुखवून चालणार नव्हतं. क्रिकालेव्हच्या जागी राहायला प्रशिक्षण घेतलेला माणूसच त्या यानात नव्हता. त्यामुळे तो वरच राहिला. तो फिरत असताना त्याच्या लेनिनग्राडचं सेंट पीटर्सबर्ग झालं, आणि ज्या देशाने त्याला पाठवलं तो देश संपला.

२५ मार्च १९९२ रोजी, ३११ दिवसांनी, तो कझाकस्तानच्या बर्फाळ माळावर उतरला. यानातून बाहेर काढून त्याला खुर्चीवर बसवलं. अंगावरच्या पोशाखावर सोव्हिएत संघाची अक्षरं तशीच होती.